जड गोळी, कमी दारू

"…पण उस्ताद, ओझं जड असलं तर बैल जास्त लावत्यात न्हवं?"

लाडले उस्ताद पिराच्या कट्ट्यावर बसून कंदिलाची काच राखेने पुसत होते.

"मग गोळी जड असली तर दारू कमी का घालायची? जास्त का न्हाई?"

उस्तादांनी काच उजेडाकडे धरली. पौषातली दुपार होती, पण आभाळ असं दाटलेलं की उजेड नावालाच. काच साफ झाली की नाही, ते त्यांना दिसलं नसावं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी पुन्हा चिमूटभर राख घेतली.

प्रश्न विचारणारा रखमाजी हा हरणगाव संस्थानच्या शिलेखान्याचा प्रमुख. शिलेखाना म्हणजे संस्थानची हत्यारं ठेवायची, दुरुस्त करायची आणि काडतुसं भरायची जागा. ती जागा आधी लाडले उस्तादांकडे होती. डोळे गेले तशा त्यांनी किल्ल्या रखमाजीच्या हातात दिल्या आणि गावाबाहेरच्या या तकियात येऊन राहिले. तकियातला फकीर वारला होता. पिरापुढे दिवा लावायचं काम मग आपसूकच त्यांच्याकडे आलं.

किल्ल्या घेऊन गेल्यापासून रखमाजी इकडे फिरकला नव्हता. शिष्याला गुरूकडे जायला सवड नसावी, यात नवल काही नाही. शिष्याचं बरं चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. आज तो आपण होऊन आला होता, म्हणजे बरं चाललेलं नव्हतं.

उस्ताद म्हणाले, "हाच प्रश्न तू मला मिसरूड फुटत होतं तेव्हा विचारला होतास."

"तवा तुमी सांगितलं न्हाई."

"नाही सांगितलं."

"गोळी जड, दारू कमी. एवढंच म्हनायचा. आमच्याकडनं घोकून घेतलं."

"मग घोकलंस ना?"

रखमाजी कट्ट्याच्या कडेला टेकला.

प्रश्न विचारायची त्याची एक तऱ्हा होती. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, फक्त समोरच्याला येतं का बघू, अशा चेहऱ्याने तो विचारी. आज तो चेहरा त्याने घरून निघताना चढवला होता, पण वाटेत कुठेतरी उतरला असावा.

शिलेखान्यात पूर्वी काळी दारू असे. ती काडतुसात काठोकाठ भरायची, वर गोळी दाबायची, काम झालं. हात चुकायला वावच नव्हता. मग बिनधुराची दारू आली. तिचा जोर एवढा, की काडतुसाच्या तळाशी थोडी पडली तरी पुरे. वर जागा मोकळी दिसे. काळ्या दारूवर हात बसलेल्या माणसाला ती मोकळी जागा बघवत नसे. पाहुण्याला अर्धं रिकामं ताट वाढल्यासारखं वाटे. रखमाजीचा हात हमखास पुन्हा मापाकडे जायचा.

उस्ताद मान वर न करता म्हणायचे, "जास्त झालं."

तो काढून टाकायचा. तरी त्याची नजर त्या पितळी काठावर रेंगाळायची. मग उस्ताद म्हणायचे, "ती जागा भरायची नाही."

का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की दुसऱ्या कामाला लावायचे.

त्यांची आणखी एक रीत होती. ज्याने काडतुसं भरली, त्यातलं पहिलं त्यानेच झाडायचं. तेही ज्या हत्यारासाठी भरली त्याच हत्यारातून. उस्तादांनी स्वतः आयुष्यभर हे पाळलं. नव्या मापाची काडतुसं झाली की ते सगळ्यांना लांब उभं करायचे, एकटे पुढे जायचे, आणि बार झाल्यावर तोंड मागे वळवायचे. तेवढ्यावरूनच मागच्यांना कळायचं की काडतुसं ठीक आहेत.

कंदिलाची काच बसवून झाली. उस्तादांनी हात झटकले.

"मायाप्पाचा हात कसा आहे?"

रखमाजी दचकला. मायाप्पाचं नाव त्याने काढलेलं नव्हतं.

गावाबाहेर राहिलं म्हणून काय झालं. एवढी गोष्ट तकियापर्यंत पोचणारच. सोनारीच्या घळीत सरकारांच्या बंदुकीने बिबट्या जखमी झाला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. जखमी जनावर तसंच सोडायचं नाही. शिकारखान्याच्या माणसांनी पायी आत जाऊन ते संपवायचं, ही संस्थानची पद्धत. ते काम मायाप्पाचं. तो रिव्हॉल्व्हर घेऊन पुढे गेला. त्याचा धाकटा भाऊ सिदू भाला घेऊन त्याच्या डाव्या अंगाला होता.

बिबट्या समोर आला. मायाप्पाने चाप ओढला. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातच फुटलं.

उजव्या पंजाचं काही उरलं नाही. तो रक्ताने भिजलेला हात धरून खाली बसला, तोवर बिबट्या सिदूवर पडला होता. बाकीची माणसं येईपर्यंत सिदूत जीव नव्हता.

दिवाणसाहेबांनी चौकशी केली. नळीत चिखल अडकला असावा आणि मायाप्पाने ती निघताना पुसली नसावी, असं ठरलं. जाळीत शिरताना मायाप्पा एकदा ओढ्यात घसरला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दिवाणसाहेबांनी शिलेखान्याचा माणूस म्हणून रखमाजीला विचारलं, नळीत चिखल असला तर असं होतं का.

रखमाजी म्हणाला, होतं.

यात खोटं काही नव्हतं. नळी तुंबलेली असली तर असं होतंच. त्याने विचारलं तेवढं सांगितलं आणि तो खाली बसला. कमी बोलणारा माणूस शहाणा समजला जातो. दिवाणसाहेबांनाही तो तसाच वाटला.

"हात काय…" रखमाजी म्हणाला. "डाक्टर म्हनतो, भरंल जखम. पर मायाप्पा खाईना झालाय. भाकरी फुडं ठेवली की नुसता बघत बसतो."

"तू जातोस?"

"जातो की. रोज जातो."

"काय म्हणतो तो?"

रखमाजीने कट्ट्याचा निघालेला गिलावा नखाने उकरायला सुरुवात केली.

"एकच इचारतो. नळी पुसली व्हती का रे मी? पुसल्यागत वाटतंय, म्हनतो. सिदूनं चिंधी दिली व्हती हातात, म्हनतो. मग पुसली न्हाई कशी… आन् रडतो."

"तू काय सांगतोस?"

"काय सांगनार."

वारा सुटला. तकियाच्या झाडाला बांधलेल्या जुन्या चिंध्या हलल्या आणि पुन्हा लोंबायला लागल्या. रखमाजी आणि मायाप्पा एका गल्लीत वाढलेले. मायाप्पाच्या आईने दोघांना एकाच ताटात जेवू घातलेलं. हे उस्तादांना माहीत होतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही.

"किती घातलीस?" त्यांनी विचारलं.

असं विचारणार हे रखमाजीला ठाऊक होतं. त्याचसाठी तो आला होता.

"सरकारांनी हुकूम दिला," तो म्हणाला. "बिबट्यासाठी जड गोळ्या ओता. नवा साचा आला व्हता. गोळी लांबडी, हाताला चांगली दनदनीत लागायची."

"किती घातलीस?"

"हलक्या गोळीचं माप…"

"हं."

"त्याच्यावर चिमूट."

उस्तादांनी डोळे मिटले. रखमाजीला वाटलं, आता ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं.

"पहिलं कुणी झाडलं?"

"मीच. रीत मोडली न्हाई मी, उस्ताद. सगळ्यांना लांब उभं केलं आन् एकटा फुडं गेलो. बार काय झाला म्हनून सांगू. वाड्याच्या सज्ज्यात सरकार उभं व्हतं. शाबास म्हनालं."

"कुठल्या हत्यारातून?"

रखमाजी पुन्हा गिलावा उकरू लागला.

"सरकारांच्या," तो म्हणाला. "नव्या रिव्हॉल्व्हरातनं. मायाप्पाचं हत्यार ऱ्हायलं बाजूला. सरकार बघत व्हतं ना. म्हटलं, नव्यातनं आवाज चांगला येईल."

उस्तादांनी मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराचीही नव्हे. दुखणं कुठे आहे ते कळल्यावर वैद्य हलवतो, तशी.

मग रखमाजीला राग आला. रडू येण्याआधी काही माणसांना राग येतो, तो त्यातला होता. तो म्हणाला की नियम नुसता घोकायला लावला, कारण कधी सांगितलं नाही, मग माणूस आपली अक्कल चालवणारच. बैलाला ओझं जास्त तर चारा जास्त, चुलीवर भांडं मोठं तर जाळ मोठा, सगळ्या जगात असंच चालतं. एका काडतुसातच उलटं का असावं? म्हातारा माणूस भितो म्हणून कमी घालतो, असं त्याला वाटलं होतं. हे वाटणं चुकीचं असेल, पण ते वाटू दिलं कुणी?

उस्ताद उठले. चाचपडत आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चुलीवरची लोखंडी फुंकणी आणि हरभऱ्याचा एक दाणा होता.

त्यांनी दाणा फुंकणीत टाकला. फुंकणी रखमाजीला दिली.

"फुंक."

रखमाजीने फुंकलं. दाणा टुणकन बाहेर पडला आणि कट्ट्याखाली गेला.

उस्तादांनी फुंकणी परत घेतली. रांजणाखालचा ओला चिखल बोटाने काढला. नळीच्या टोकात तो अंगठ्याने गच्च ठासला.

"आता फुंक."

रखमाजीने फुंकलं. काही झालं नाही.

"जोरात."

त्याने छाती भरून घेतली आणि सगळा जीव लावला. गाल तटतटले, कपाळाची शीर उठली. एकदम त्याने फुंकणी तोंडातून काढली आणि कानावर हात दाबला.

"वारा कुठे गेला?" उस्तादांनी विचारलं.

"कुटं न्हाई." रखमाजी धापा टाकत म्हणाला. "माझ्याच कानात."

"आणखी जोरात फुंकतोस?"

त्याने फुंकणी खाली ठेवली.

उस्ताद पुन्हा कट्ट्यावर टेकले. आवाज तोच होता, शिलेखान्यात काम सांगायचा. दरबारात वावरून त्यांची मराठी गुळगुळीत झाली होती, आणि वाईट गोष्टही ते त्याच गुळगुळीत मराठीत सांगत.

"हलकी गोळी चटकन निघून जाते. मागे जागा करून देते. जड गोळी हलायला वेळ घेते, आणि लांब असली तर आतली जागाही तीच खाते. दारू काही तिच्यासाठी थांबून राहत नाही. तिला पुढे वाट मिळाली नाही की ती धरणाऱ्याच्या हातातून वाट काढते."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"एवढंच व्हतं तर तवाच सांगायचं ना, उस्ताद."

"सांगायला हवं होतं."

रखमाजीने मान वर केली. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

"मला वाटलं, नियम हातात बसला की कारण आपोआप कळेल," उस्ताद म्हणाले. "माझ्या उस्तादांनी मला असंच शिकवलं होतं. माझं निभावलं. ती चूक माझ्या वाट्याची. तिचं मी बघेन. तू तुझ्या वाट्याचं बघ."

गुरूने चूक कबूल केली की शिष्याला हलकं वाटेल, असं आपल्याला वाटतं. रखमाजीला तसं काही वाटलं नाही. उलट टेकायला एक भिंत होती, तीही गेली.

…

"मायाप्पाला सांगतोस?" उस्तादांनी विचारलं.

"सांगावंच लागंल. त्याबिगार तो खायचा न्हाई."

"सांगितलं तर तुझं काय होईल?"

"शिलेखाना जाईल. कैद बी व्हईल." तो थांबला. "आन् मायाप्पा जाईल."

"न सांगितलं तर?"

"तर बी मायाप्पा जाईल."

उस्तादांनी विचारलं, "काय सांगशील त्याला? मला मायाप्पा समज. बोल."

रखमाजीने हे सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. रात्ररात्र जागून जुळवलं होतं. तो नीट मांडी घालून बसला आणि बोलू लागला. सरकारांच्या हुकुमापासून त्याने सुरुवात केली. नवा साचा कसा ऐनवेळी आला, शिकारीचा दिवस कसा तोंडावर होता, मायाप्पाचं रिव्हॉल्व्हर कसं आजोबांच्या वेळचं, त्याचं पोलाद कसं झिजलेलं, दारूचा डबा कसा नवीनच फोडलेला, आणि या सगळ्यात माणसाचा हात कसा…

"जास्त झालं," उस्ताद म्हणाले.

रखमाजी थबकला. हा शब्द त्याने किती वर्षांनी ऐकला होता. त्याचा हात नकळत मागे आला, जणू त्यात माप होतं.

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सरकार नव्हते, साचा नव्हता. या वेळी लहानपण होतं. एका ताटातली भाकरी होती, ओढ्यात पोहायला शिकवणारा मायाप्पा होता, पाठीवर बसणारा सिदू होता. सिदूच्या जागी मी गेलो असतो तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला. आईला मी जन्मभर सांभाळीन, असंही म्हणाला. बोलता बोलता तो रडू लागला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. कुणाही ऐकणाऱ्याचं काळीज हललं असतं.

"जास्त झालं."

"उस्ताद, ह्ये सगळं खरं हाय."

"दारूही खरीच होती."

रखमाजीने डोळे पुसले. बराच वेळ तो समोरच्या कंदिलाकडे बघत राहिला. दिवा लागलेला नव्हता.

"मायाप्पा," तो शेवटी हळू म्हणाला, "काडतुसात दारू मी जास्त भरली व्हती. मला माफ कर."

उस्ताद ऐकत होते. त्यांनी मान तिरकी केली, दारू जोखायला आणलेल्या सोनाराच्या काट्याचं पारडं स्थिरावायची वाट बघताना करायचे तशी.

"आणखी थोडं काढ."

"आता काय काढू?"

"तो माफी द्यायला बसलेला नाही."

हे समजायला रखमाजीला वेळ लागला. समजल्यावर त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

"मग माझ्यासाठी काय उरतं, उस्ताद?"

उस्तादांनी काठी शोधली, पायांत वहाणा सरकवल्या आणि हात पुढे केला. रखमाजीने तो आपल्या खांद्यावर घेतला.

…

वाट कालव्याच्या कडेने होती. कालव्यात पाणी कमी आणि शेवाळ जास्त. थंडी अंगात शिरत होती. म्हाताऱ्याचा हात खांद्यावर हलका होता, तरी रखमाजी वाकून चालत होता.

गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो. उजवीकडे राजवाडा आणि शिलेखाना. डावीकडे शिकारखान्याच्या माणसांची घरं.

तिथे रखमाजी थांबला.

उस्तादही थांबले. त्यांनी ना ढकललं, ना विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. रखमाजी वळेल तिकडे त्यांना वळावं लागणार होतं, आणि तो राजवाड्याकडे वळला असता तर ते मुकाट त्याच्यामागे राजवाड्यापर्यंत गेले असते.

एक गाडी गेली. गाडीवानाने रखमाजीला रामराम घातला. शिलेखान्याच्या प्रमुखाला सगळे आधी रामराम घालतात. रखमाजीने तो घेतला. बहुधा शेवटचाच, हे रखमाजीला ठाऊक होतं, गाडीवानाला नव्हतं.

मग तो डावीकडे वळला.

मायाप्पाचं घर बुटकं होतं. दाराशीच भिंतीला सिदूचा भाला टेकवलेला होता. कुणीतरी तो धुऊन ठेवला होता. आत मायाप्पा घोंगडीवर पडला होता. उजव्या हाताचं भलंमोठं गाठोडं छातीवर. उशाशी भाकरी होती, सकाळचीच, कडक झालेली. त्याची आई तंगव्वा चुलीपाशी होती. तिने उस्तादांना ओळखलं, पदर सारखा केला आणि रखमाजीसमोर नेहमीसारखा पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"रखमा आला का?" मायाप्पाने डोळे उघडले. "आन् ह्ये कोन… उस्ताद? बरं झालं आला. तुमालाच इचारायचं व्हतं. तुमी जानकार मानूस. नळी पुसली असंल तर चिखल ऱ्हातो का वो आत? मला चांगलं आठवतंय, सिदूनं चिंधी दिली. मी पुसली. का नुसती हातात धरली, आन् पुसलीच न्हाई…"

उस्तादांनी रखमाजीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

चुलीत लाकूड तडकलं. रखमाजीला पहिलं सगळं आठवलं. सरकार, साचा, आजोबांचं रिव्हॉल्व्हर. ते सगळं ओठांपर्यंत आलं. मग ओढा आला, एका ताटातली भाकरी आली. त्याने ते सगळं गिळलं. गिळताना त्याच्या मानेची हालचाल तंगव्वाला दिसली, आणि तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मायाप्पा," तो म्हणाला. "काडतुसात दारू मी जास्त भरली व्हती."

बस. एवढंच.

मायाप्पा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं नसावं, असं आधी वाटलं. मग त्याचे ओठ हलले.

"म्हंजे…"

तो उठून बसायला गेला. उजवा हात टेकवायला गेला, आणि तो नाही हे आठवून डाव्या हातावर उठला.

"म्हंजे नळी साफ व्हती."

रखमाजीने मान हलवली.

"आये," मायाप्पा म्हणाला. "नळी साफ व्हती गं. मी पुसली व्हती. सिदूनं चिंधी दिली आन् मी पुसली व्हती."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. घोंगडीखाली त्याची पाठ हलू लागली. त्या रडण्याला आवाज नव्हता. सिदूच्या मातीलाही तो रडला होता, पण तेव्हा तो स्वतःला शिव्या देत रडला होता. आज तो नुसता भावासाठी रडत होता.

तंगव्वा उठली. तिने रखमाजीकडे पाहिलं नाही. त्याच्यासमोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला.

रखमाजी तसाच बसून होता. समोर तांब्याचा ओला गोल उमटलेला होता. घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि ते कुणीच न बोलणं वाढत वाढत छपरापर्यंत गेलं. त्याला ते सोसवेना. तो पुढे सरकला. मायाप्पाच्या पाठीकडे हात नेला. त्याचं तोंड उघडलं.

उस्तादांना दिसत नव्हतं. पण आयुष्यभर ते माणसांच्या हातांजवळ बसले होते. त्यांनी अंधारात हात लांब केला आणि रखमाजीचं मनगट बरोबर पकडलं.

"ती जागा भरायची नाही."